मी दोनशे लिटर खाल्ले नाहीत

मी एक प्रवाहमापक आहे. कारखान्यात सगळे मला 'फ्लो मीटर' म्हणतात आणि मामा 'ठोकळा' म्हणतात. घरोघरी नळावर पाण्याचा मीटर असतो ना, त्याचा मी थोरला चुलतभाऊ. त्याच्या पोटात चाक फिरतं, माझ्या पोटात काहीच नाही. आरपार नळी आणि तिच्या भिंतीत समोरासमोर धातूच्या दोन टिकल्या. तोच माझा सेन्सर. किती लिटर पाणी गेलं ते त्यांना कळतं आणि माझ्या कपाळावर उमटतं. एरवी मी आकड्यांपलीकडे बोलत नाही. आज बोलतोय, कारण प्रकरण जिवावर बेतलं होतं.

जिथे जन्मलो तिथे मला दहा वेळा पाणी पाजून पास केलं आणि खोक्यात भरून इकडे पाठवलं. इथे भांडी घासायचा पातळ साबण बनतो. टाकीत आधी दोन हजार लिटर पाणी सोडायचं, मग बाकीचं सगळं. ते पाणी माझ्यातून जातं.

टाकीचे कारभारी मामा. ते जगाचे मामा आहेत, साहेबसुद्धा त्यांना मामाच म्हणतात. त्यांचा जीव त्यांच्या लाकडी पट्टीवर. पट्टीवर लिटरच्या खुणा आहेत. रोज शिडीवर चढून ती टाकीच्या तळापर्यंत बुडवायची, कुठवर भिजली ते वाचायचं, मग माझ्याकडे संशयानं बघायचं. सात वर्षं पट्टीचं आणि माझं एकमत होतं, तरी मामा मला रोज पान्यानं दोन टोले द्यायचे. त्यानं म्हणे ठोकळा जागा राहतो.

मग नवं कपाट आलं. पट्टी त्यात मावेना, वीतभर बाहेर राहिली. मामांनी करवत आणली. पट्टीच्या वरच्या टोकाला त्यांनी हौसेनं पितळी कडी बसवलेली, ती कशी कापणार? त्यांनी खालून कापली. कपाट डुगडुगत होतं म्हणून तो तुकडा त्याच्या पायाखाली सारला आणि हात झटकून चहाला गेले. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

दुसऱ्या दिवशी पट्टी म्हणाली दोन हजार, मी म्हणालो अठराशे.

"ठोकळा दोनशे लिटर खातोय," मामांनी जाहीर केलं.

सगळे पट्टीचं ऐकू लागले. पाणी कमी पडू लागलं आणि साबण इतका घट्ट झाला की बाटलीतून बाहेरच येईना. लोक घरोघरी बाटल्या उलट्या धरून त्यांच्या पाठीवर थापा मारत बसले. तक्रारींचा पाऊस पडला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं.

साहेबांनी एकेक माणूस बोलावला. एकानं माझ्या टिकल्या घासल्या. दुसऱ्यानं वायर बदलली. तिसऱ्यानं अर्थिंग आवळलं. चौथा माझ्या पोटाला कान लावून म्हणाला, "याला गॅसेस झालेत. हवेचे बुडबुडे." मला फार लागलं ते.

शेवटी साहेब म्हणाले, "उद्या मीटरवाल्या ताई येतायत. त्यांनाही जमलं नाही तर काढा हा आणि टाका भंगारात."

माझं पाणी पाणी झालं.

ताई आल्या. त्यांनी मला हातसुद्धा लावला नाही. आधी नोंदवही मागितली.

"मामा, टाकी अर्धी भरली तेव्हा फरक किती?"

"दोनशे."

"आणि पूर्ण भरल्यावर?"

"दोनशेच. ठोकळ्याची भूक ठरलेली आहे."

"सेन्सर बिघडला असता तर जास्त पाण्याला जास्त चुकला असता," ताई म्हणाल्या. "टाकी रिकामी आहे ना? मला एक बादली पाणी द्या."

दहा लिटरची बादली. ताईंनी ती माझ्यातून नाही, वरूनच टाकीत ओतली. "आता घाला पट्टी."

मामा शिडीवर चढले. पट्टी बुडवली, वर काढली, चष्मा पुसला, पुन्हा बुडवली.

"मामा, किती?"

"दोनशे दहा," मामा बारीक आवाजात म्हणाले.

साहेबांनी बादली उचलून आत बघितलं. मग उलटी करून बुडाकडे बघितलं.

"या पट्टीवर शून्य कुठंय?" ताईंनी विचारलं.

मामांनी खालच्या टोकावरचा साबणाचा थर खरवडला. मग त्यांची नजर सावकाश कपाटाच्या पायाकडे गेली. तिथे शून्य, पन्नास, शंभर, दीडशे असे सगळे आकडे गुण्यागोविंदानं नांदत होते.

"मावत नव्हती हो," मामा म्हणाले.

आता तुकडा पट्टीला परत जोडलाय. ती कपाटात मावत नाही, म्हणून माझ्याच अंगाला टेकून उभी असते. माझा तिच्यावर राग नाही. तळच कापल्यावर ती बिचारी खरं कुठून सांगणार? मामा रोज माझं कपाळ फडक्यानं पुसतात आणि कोणी बघत नाहीसं पाहून म्हणतात, "चुकलं रे माझं." पाना खिशातच राहतो. मला ते टोले आठवतात, खोटं कशाला बोलू.

पण काल ऐकलं की कपाट पुन्हा बदलतंय आणि नवं त्याहून बुटकं आहे. मामांनी दुपारी माझ्या अंगाला टेकलेल्या पट्टीचं माप घेतलं आणि ते नव्या कपाटाच्या उंचीशी ताडून बघितलं.

ताई, जमलं तर लवकर या. येताना करवत लपवायची जागा शोधून या.