एका राखणदाराला दोन नवस

राखणदारापुढच्या लाल सरबताच्या बाटल्या बुआलईने पुन्हा एकदा निरखून पाहिल्या. एक तिचीच होती. मग उरलेल्या दोन कुणाच्या?

अंगणाच्या कोपऱ्यात, एका खांबावर, जमिनीच्या राखणदाराचे हातभर उंचीचे घर होते. त्याच्यापुढे भाताची वाटी, उदबत्ती आणि सरबत ठेवायचे काम इतकी वर्षे तिचेच. आज कुणीतरी दोन बाटल्या ठेवल्या होत्या, त्यांत नळ्याही खोचल्या होत्या, आणि वर ताज्या मोगऱ्याची माळ वाहिली होती. माळ चांगली महागातली होती. तेच तिला जास्त झोंबले.

"काका!" तिने कुंपणावरून हाक मारली. "हे तुम्ही ठेवलंत होय?"

शेजारचे खामपान काका शाळेवर पहारेकरी होते. निवृत्त झाल्यापासून ते फुकटात अख्ख्या गल्लीवर पहारा देत. "मी कशाला ठेवू? माझा राखणदार काय उपाशी बसलाय?" ते कुंपणाशी आले. "अगं, तुझ्या फाटकावर जप्तीचा कागद लागलाय ना, तो वाचून आली असेल. पहाटे एक बाई फाटकातून बाहेर पडताना दिसली मला. घर घ्यायचं असलं की लिलावाआधी जागेवाल्याला नवस बोलतात. त्याला न विचारता घेतलेलं घर लाभत नाही."

"म्हणजे माझ्याच अंगणात, माझ्याच राखणदाराला, माझंच घर मागितलं?"

"मग काय दुसऱ्याच्या राखणदाराला मागतील?"

काकांच्या जिभेला हाड नव्हते. पण बोलणे खरे होते.

लाम्पांगच्या एका चिनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात ती वाडग्यांवर कोंबडे रंगवायला लागली, तेव्हा तिच्या वेण्या अजून पाठीवर होत्या. रंगवता रंगवता ती रंगशाळेची मुकादम झाली आणि त्या पगारातून तिने हे घर उभे केले. नवरा आला नि गेला, मूलबाळ झाले नाही. तिच्या नावावर या जगात काही असेल तर हे घर. मग धाकट्या भावाने, सोमचितने, लिचीसारखी लाँगन फळे वाळवायची भट्टी टाकायची ठरवली. कर्जाला जामीन पाहिजे, तारण पाहिजे. सख्ख्या भावाला नाही कसे म्हणायचे? तिने घर तारण ठेवून सही केली. भट्टी एक हंगाम पेटली, दुसऱ्या हंगामात विझली, आणि सोमचित कोरियात कुठेतरी लपूनछपून कामाला गेला तो गेलाच. फोनसुद्धा उचलेना.

बँकेने मग जामीनदाराला धरले. कोर्टाच्या हुकमाने पगारातला लचका परस्पर तोडला जाऊ लागला. पगाराच्या दिवशी हिशेबनीस तिच्याकडे न बघता चिठ्ठी सरकवायचा, आणि तिच्या हाताखालच्या पोरी उगाच मोठमोठ्याने हवापाण्यावर बोलायच्या. ती त्यांची दया तिला पगार कापल्यापेक्षा जड जाई.

वसुलीवाला तर कारखान्यातच फोन करी. पहिल्या फोनला ती रडली. दुसऱ्याला चिडली. तिसऱ्यापर्यंत तिचा मूळ स्वभाव वर आला, आणि तो स्वभाव म्हणजे नसत्या चौकशा.

"ताई, पैशाचं काय केलंत?"

"पैशाचं सांगते. आधी मला हे सांगा, लोक शिव्या द्यायला लागले की तुम्ही फोन कानालाच ठेवता, का लांब धरता?"

"लांब धरतो, ताई."

"बरं करता. जेवलात का?"

तेव्हापासून तो आधी जेवणाचे बोले, मग धमकी देई.

घराचे मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. लिलावाच्या आधीच्या फेऱ्यांत कुणी बोली लावली नव्हती. आता शेवटची फेरी. त्यातही घर पडून राहिले तर हप्ते बांधून देऊ, घर तुमच्याकडे राहील, असे बँकेच्या माणसाने कबूल केले होते. म्हणजे त्या दिवशी कुणी हात वर करायचा नाही, एवढ्यावर सगळे अडले होते. बुआलईने राखणदाराला तसाच नवस बोलला होता: घर राहू दे, परातभर उकडलेली अंडी वाहीन.

"आता परत आली ती बाई, तर दार उघडू नकोस," काका म्हणाले. "आत न बघता कोण पैसे घालतंय? वर सांग, स्वयंपाकघरात कुणीतरी फास लावून घेतला होता. संध्याकाळ झाली की हुंदके येतात."

"कुणाचे?"

"आता तेही मीच सांगू?"

दुसऱ्या दिवशी बुआलई उजाडायच्या आधीच पायरीवर येऊन बसली. मनात राग होता, पण खरे सांगायचे तर रागापेक्षा उत्सुकता जास्त होती. कोण असेल? कशी असेल? माझ्या घरात तिला काय दिसले असेल?

स्कूटर थांबली. फाटकाची कडी हळूच सरकली. पस्तिशीची, धुराने डोळे लालसर झालेली एक बाई हातात माळ घेऊन आत आली आणि पायरीवर मालकीणबाईला पाहून जागीच थिजली. तिने दोन्ही हात जोडले. माळ मधे चेपली गेली.

"मावशी, मी चोर नाही हो."

"चोर सरबत ठेवून जात नाहीत. नाव काय तुझं?"

"रुंगनफा. बसस्थानकापाशी शिगांवर मांस भाजून विकते मी."

"काय बोललीस त्याला?" बुआलईने हनुवटीने राखणदाराकडे खूण केली.

"सांगितलं तर फळत नाही म्हणतात."

"मी परातभर अंडी बोललेय."

रुंगनफाने खाली बघितले. "मी... डुकराचं मुंडकं."

"अख्खं?"

"अख्खं."

"अरे देवा," बुआलई म्हणाली, "म्हणजे लिलाव इथंच चालू झाला की!" आणि तिला हसू फुटले. रुंगनफाला हसावे की नाही कळेना. तिने तोंडावर हात धरला, पण खांदे हलत होते.

मग बुआलईने चौकशा आरंभल्या. दोन मुली होत्या. नवरा नव्हता, म्हणजे कुठेतरी होता, पण यांचा नव्हता. बसस्थानकाजवळच्या एका खोलीत तिघी राहत, आणि भाजायच्या धुराने मुलींच्या शाळेच्या कपड्यांनासुद्धा वास येई. इतक्या स्वस्तात घर पुन्हा मिळायचे नाही, म्हणून जन्माची साठवण आणि वर बँकेचे कर्ज.

"कर्ज जपून घे," बुआलईच्या तोंडून निघून गेले.

"मावशी, आतून बघू का?" रुंगनफाने भीत भीत विचारले.

आता सांगायचे, स्वयंपाकघरात फास लावून घेतला होता. बुआलईने तोंड उघडलेसुद्धा. पण राखणदार समोर. या घरात कुणी मेले नाही हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक? आणि दुसरेही एक होते: या घराला कुणीतरी नाव ठेवावे, मग ती स्वतः का असेना, हे तिला सोसवेना.

"ये," ती म्हणाली. "चपला काढ."

एकदा दाखवायला लागल्यावर तिचे तोंड थांबेना. स्वयंपाकघरात कुठून वारा येतो, कुठल्या खिडकीशी अभ्यासाला उजेड चांगला, फरशी कुठून आणली, गवंड्याला कशी दोनदा भिंत पाडायला लावली. पोरीचे लग्न जमवताना आई बोलते तशी ती बोलत होती. मधेच तिच्या लक्षात आले की आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेत आहोत. पण रुंगनफा भिंतीवरून असा हात फिरवत होती की थांबवतही नव्हते.

"मागच्या खोलीत पागोळीपाशी गळतं," तिने शेवटी सांगितले. "कौलं बदलली तरी गळतंच. ते सांगितलेलं बरं."

रुंगनफा गेल्यावर काकांनी कुंपणावरून कपाळावर हात मारला. "गळतं तेवढंच सांगितलंस? हुंदके राहिले ते राहिलेच?"

"तोंडातून येईचनात हो, काका."

"मग आता बोंबल." आणि ते पाठ वळवून निघून गेले, कारण त्यांचे डोळे भरले होते आणि पहारेकऱ्याला ते शोभत नाही.

लिलावाच्या दिवशी बुआलई जप्ती कचेरीत मागच्या बाकावर बसली. जाऊ नको असे सगळ्यांनी सांगितले होते. पण आपले घर कसे विकले जाते हे बघितल्याशिवाय तिला चैन पडले नसते. पुढे रुंगनफा हातात नंबराची पाटी घेऊन बसली होती. पलीकडे एक गुळगुळीत बुटांचा माणूस होता. पडक्या भावात घरे घ्यायची, रंग फासायचा आणि विकायची, हा त्याचा धंदा.

घराचा नंबर पुकारला गेला. बुआलईने डोळे मिटले. कुणी हात वर करू नका. कुणीही नका.

पहिली बोली पुकारली गेली, बूटवाल्याची.

संपले. डोळे उघडले तर रुंगनफाची पाटी वर. मग त्याची. मग तिची. आणि बुआलईला कळायच्या आत तिच्या ओठांवर आले, "आणखी एकदा कर, पोरी. आणखी एकदा." शेजारचा माणूस तिच्याकडे बघू लागला. बूटवाल्याने घड्याळ पाहिले, खांदे उडवले, पाटी मांडीवर ठेवली. अधिकाऱ्याने टेबलावर लाकूड आपटले.

बुआलई उठून अधिकाऱ्यापाशी गेली. "साहेब, आता पगार पूर्ण मिळेल ना?"

त्याने कागद चाळले. बरा माणूस होता, लगेच सांगवेना त्याला. "घराच्या किमतीत सगळं फिटत नाही, बाई. उरलेलं फिटेपर्यंत पगारातनं कापलं जाणार."

"बरं," ती म्हणाली. दुसरे काय म्हणणार?

बाहेर व्हरांड्यात रुंगनफा उभी होती. जिंकलेल्या बाईचा चेहरा असा असतो हे बुआलईला ठाऊक नव्हते. ती बुआलईच्या पायांशी वाकली. "मावशी, मला शिव्या द्या हो. काहीतरी बोला."

"ऊठ. मुंडक्यापुढं अंड्यांचं काय चालणार?" बुआलईने तिला दंडाला धरून उठवले. हसायला गेली, पण आवाज फाटला. भिंतीला टेकून तिने मनसोक्त रडून घेतले. येणारेजाणारे वळसा घालून जात होते. रुंगनफा तिची पिशवी धरून नुसती उभी राहिली.

मग बुआलईने बाहीने तोंड पुसले आणि विचारले, "तुझी ती बसस्थानकाजवळची खोली आता रिकामी होणार ना?"

रुंगनफा चपापली. "हो."

"कशी आहे?"

"चांगली आहे, मावशी. हवेशीर..." ती बोलता बोलता थांबली. बुआलई तिच्याकडे बघत होती. "नाही. चांगली नाही. दुपारभर ऊन येतं. न्हाणीघर सगळ्यांत एक. मालकीण तोंडाळ आहे."

"आतून कडी आहे?"

"आहे."

"कुणी वाजवलं तर उघडायचं का नाही, ते आपल्या मनावर?"

"आपल्या मनावर."

"मग झालं," बुआलई म्हणाली. "चल, दाखव."