हिरव्या गाडीचा पहिला मालक

डेल हॅकेट म्हणजे माझ्या बहिणीचा, रेजिनाचा नवरा. केंटकीच्या डोंगरातून डेट्रॉइटला पोट भरायला आलेला गावंढळ. पन्नास वर्षं माझ्या गाडीवर नागोबासारखा बसलाय.

एकोणसत्तरची हिरवी पॉन्टियाक जीटीओ, मी नवीकोरी घेतलेली. मी पॉन्टियाकच्याच कारखान्यात सीटा बसवायचो. चौसष्ट साली कंपनीने एका साध्या मध्यम गाडीत भलंमोठं इंजिन कोंबलं आणि देशभरची पोरं वेडी झाली, मीही झालो. मग विमा भडकला, त्र्याहत्तरला पेट्रोलसाठी रांगा लागल्या, माझी नोकरी गेली. चौऱ्याहत्तरमध्ये डेलने माझ्याकडून ती मातीमोल भावात घेतली. चोर लेकाचा!

आता माझंही ऐका. एकाहत्तरमध्ये वुडवर्ड अव्हेन्यूवर शर्यत लावून मी मूळ इंजिन फोडलं होतं. बाबांच्या गॅरेजात भंगारातलं दुसरं बसवलं आणि डेलला चकार शब्द न सांगता गाडी त्याच्या गळ्यात मारली.

रेजिना गेल्या हिवाळ्यात वारली. डेल महिनाअखेरीला घर सोडून केंटकीला परत निघालाय, म्हणून गाडी विकायला काढली. जुन्या गाड्या तपासून देणं हा माझा म्हातारपणीचा धंदा. ब्रुक नावाच्या एका दातांच्या डॉक्टरने घेण्याआधी गाडी तपासायला मला बोलावलं आणि पत्ता पाहताच मी हो म्हणालो. इंजिन मूळचं नसलं की जुन्या गाडीची किंमत पडते, तेव्हा तिच्यासमोर डेलला खोटा पाडायचा. ती परत फिरली की गाडी पडेल भावात जाणार, आणि मी ती दुसऱ्याच्या नावाने घेणार. मला माझी गाडी परत हवी होती, बस.

"तू?" दारात डेल म्हणाला.

"मीच. गाडी दाखव."

"तुम्ही ओळखता एकमेकांना?" ब्रुकने विचारलं.

"तोंडओळख आहे," डेल म्हणाला.

मी फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक काढलं. "बाई, पुढच्या नाकाला हे चिकटत नाही, ते रबरीच येतं. पण मागच्या चाकावरच्या पत्र्याला चिकटलंच पाहिजे. सुटलं तर रंगाखाली पत्रा नाही, लांबी म्हणजे पुट्टी भरलीय असं समजा."

चिकटलं. डिकीचा तळ ठोकून पाहिला, एवढासाही गंज नाही. मेल्याने गाडी जपली होती, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

"बर्फात कधी काढली नसेल. भित्रा माणूस," मी म्हणालो.

"घेतलेली वस्तू फोडायची सवय नाही मला," डेल म्हणाला.

मी बॉनेट उघडलं, इंजिनचा पुढचा भाग पुसला. "पुढच्या काचेखालचा गाडीचा नंबर वाचा. त्याचे शेवटचे आकडे इथे ठोकलेले असतात. जुळतात?"

ब्रुकने दोनदा पाहिलं. "नाही."

"मग इंजिन या गाडीचं नाही!" शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल असं मी ओरडलो. "फसवतोय हा तुम्हाला!"

"जाहिरातीत पहिल्याच ओळीत लिहिलंय ते," ब्रुक म्हणाली. "तुम्ही वाचली नाहीत?"

मी पत्त्यापलीकडे काही वाचलं नव्हतं.

डेल गॅरेजात गेला आणि कोपऱ्यातली ताडपत्री ओढली. खाली इंजिनचा ब्लॉक होता, कुशीला मुठीएवढं भोक पडलेला. "हे मूळचं. गाडीसोबत देतोय," तो तिला म्हणाला. माझ्याकडे पाहिलंही नाही. "सासरे वारले तेव्हा त्यांचं गॅरेज आवरताना मिळालं. बायकोने आकडे जुळवून पाहिले. म्हणाली, ठेवून दे, पण कुणाला बोलू नकोस."

बाबांना जाऊन पंचेचाळीस वर्षं झाली. म्हणजे दर ईस्टरला रेजिना हॅमचा पहिला तुकडा माझ्या ताटात वाढायची, तो खात मी तिच्या नवऱ्याला चोर म्हणायचो, आणि तिला सगळं माहीत होतं. मला तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"ज्याने तुम्हाला विकली त्याने सांगितलंच नाही?" ब्रुकने विचारलं.

डेलने आता माझ्याकडे पाहिलं. "नाही. मेला तो."

"अरेरे. कधी?"

"गेल्या हिवाळ्यात. माझी बायको गेली त्याच दिवशी."

ब्रुकने गाडीभोवती एक चक्कर मारली. मग तिने मला विचारलं, "काय करू? घेऊ?"

"घ्या," मी म्हणालो. "याहून चांगली मिळणार नाही."

मी तपासणीच्या कागदावर सही केली. डेलने ब्लॉकवर पुन्हा ताडपत्री टाकली आणि मी बाहेर उभा असतानाच गॅरेजचं दार खाली ओढलं.