घरी आणि घरात

शाळेच्या व्यायामशाळेत सकाळी आठ वाजता बत्तीस खुर्च्या होत्या, पाच टेबलं, पाण्याची दोन पिंपं, हिरव्या आणि पिवळ्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे, आणि गळ्यातला किरणोत्सार मोजायचं यंत्र एकच. खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी लावली होती. तिच्या कडा सुटायला लागल्या होत्या. रांगेत तीनशे सहा माणसं. अणुवीजकेंद्रात स्फोट होऊन पाच दिवस झाले होते.

हवेतलं किरणोत्सारी आयोडीन श्वासावाटे शरीरात शिरतं, गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत जाऊन बसतं आणि दर आठ दिवसांनी निम्मं होतं. उशिरा मोजलं तर हाती काही लागत नाही. जे व्हायचं ते मात्र होऊन गेलेलं असतं. एका माणसाला चार मिनिटं लागत, म्हणून तपासणीचे प्रमुख असलेल्या सरांनी चाळणी लावली होती. पहिले तीन दिवस जे बाहेर होते त्यांना पिवळी चिठ्ठी आणि यंत्र. जे दारंखिडक्या लावून घरात होते त्यांना हिरवी चिठ्ठी आणि दूरच्या निवाऱ्याकडे चारला सुटणाऱ्या बसगाड्या. प्रश्न विचारून फॉर्मवर शिक्का मारायचं काम माझं.

अकराच्या सुमारास माझी ताई आली. तिच्या बोटाला पाच वर्षांची लेक. तिला आम्ही ठकू म्हणतो.

"नाव सांगू, की ओळख आहे?" ताई म्हणाली.

"मागे रांग आहे गं. तीन दिवस कुठे होता?"

"घरीच की. बाहेर पाऊल टाकू नका म्हणून फोन करकरून तूच कान किटवलेस ना!"

मी 'घरात'वर शिक्का मारला. ठकूने हिरवी चिठ्ठी नाकाला चिकटवून दाखवली.

दुपारी साडेतीनला एक निवृत्त पोस्टमनकाका समोर बसले. तेही घरीच होते. मी शिक्का उचलला.

"घरी होतो म्हणून तर टोमॅटो वाचले," काका म्हणाले. "रोज पाणी घातलं."

माझा हात तसाच राहिला. "टोमॅटो कुठे आहेत काका?"

"अंगणात. पलंगाखाली लावतात का कुणी?"

"मग तुम्ही घरात नव्हता."

"अगं, घरी म्हणजे घरी! अंगण काय शेजाऱ्याचं आहे?"

मागची माणसं हसली. मी फॉर्मकडे बघत राहिले. छापलं होतं 'घरात'. लोक सकाळपासून म्हणत होते 'घरी'. मी एक ऐकत होते आणि शिक्का दुसऱ्यावर मारत होते. हिरवी चिठ्ठी दिलेल्यांचे फॉर्म मोजले. एकशे एकोणनव्वद.

गठ्ठा सरांसमोर ठेवला आणि सांगितलं.

"घरी म्हणजे नेमकं कुठे, हे किती जणांना विचारलंस?"

"एकालाही नाही."

मैदानातून बसच्या इंजिनाची घरघर येत होती. "निवाऱ्यात यंत्र नाही," ते म्हणाले. "बसगाड्या मी थांबवतो. लहान मुलं आधी आण."

ताई दुसऱ्या बसमध्ये खिडकीशी बसली होती. ठकू तिच्या मांडीवर झोपलेली.

"ताई, घरी म्हणजे घरातच होता ना? दारं लावून?"

"मी होते. हिला कुठे कोंडून ठेवू? शाळा बंद, नुसती डोक्यावर मिरी वाटत होती. अंगणातल्या वाळूत खेळायची दिवसभर. पण फाटकाबाहेर जाऊ दिलं नाही हं. तुझा शब्द मोडला नाही."

मी ठकूला उचलायला वाकले तेव्हा तिचा आवाज खाली आला. "तू बाहेर म्हणालीस. अंगण म्हणाली नव्हतीस."

"नव्हते म्हणाले."

व्यायामशाळेत आणून ठकूचे कपडे बदलले. यंत्र आधी मांडीवर लावायचं असतं. तिथे थायरॉइड नसते, त्यामुळे खोलीतलं आणि अंगावरचं जे काही असेल ते कळतं. मग गळ्यावर. गळ्याच्या आकड्यातून मांडीचा वजा करायचा. फरक तासाला ०.२० मायक्रोसिव्हर्टच्या आत असला तर सोडायचं. वर गेला तर मोठं रुग्णालय.

मांडी ०.०९.

"मावशी, गार लागतंय."

"हलू नकोस. पुतळा हो बघू."

"पुतळे बोलतात?"

"नाही."

ती पुतळा झाली. गळा ०.४७.

"मानेवर मळ असेल," ताई घाईने म्हणाली. "लोळते ना वाळूत. नीट पूस तरी."

शक्य होतं. मी ओल्या कापडाने मान पुसली, कानांमागे पुसलं, दुसऱ्या कापडाने पुन्हा एकदा पुसलं. दोन्ही कापडं पिशवीत बंद केली. हातमोजे बदलले आणि यंत्र परत गळ्याशी धरलं. ताई ओठ हलवत सेकंद मोजत होती. साठ झाले.

मांडी ०.०९. गळा ०.४१. फरक ०.३२.