एक नंबरच्या झडपा

सासूबाईंनी घातलेली अट अगदी सरळ होती. रोपवाटिकेतल्या चारही काचघरांच्या छताच्या झडपा आज दुपारी तीनच्या आत ऑफिसात बसून, बटण दाबून उघडल्या पाहिजेत. उघडल्या, तर त्या साडेचारच्या गाडीने समुद्रकाठी आपल्या ताईकडे आठ दिवस जाणार. नाही उघडल्या, तर तिकीटही रद्द आणि विषयही बंद.

एकोणीस वर्षांत ही बाई एक रात्र घराबाहेर राहिली नव्हती. नवरा गेला त्या वर्षापासून चारही घरांतली रोपं एकटीने सांभाळली. ऊन चढलं की हँडल फिरवून झडपा उघडायच्या, उतरलं की लावायच्या. तासभर उशीर झाला तर कोवळी रोपं माना टाकतात. ताई दरवर्षी बोलवायची आणि ह्या दरवर्षी "पुढच्या वर्षी नक्की" म्हणायच्या. यंदा ताई फोनवर म्हणाली, "पुढच्या वर्षीचं तू बोल बाई, माझं काही मी सांगत नाही." त्या दिवशी सासूबाईंचं जेवणात लक्ष नव्हतं. मग लेकीने परस्पर तिकीट काढलं आणि जावयाने छातीठोकपणे सांगितलं, "आई, झडपांचं माझ्यावर सोडा."

जावई प्रोग्रामर होता. चांगला होता, आणि आपण चांगले आहोत हे त्याला गरजेपेक्षा जरा जास्तच माहीत होतं. त्याने प्रत्येक काचघरात एक छोटा कॉम्प्युटर बसवला आणि झडपांना मोटर लावली. प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये त्या त्या घराचा एक ऑब्जेक्ट, म्हणजे घराची माहिती आणि घराला करता येणारी कामं ह्यांचं एक गाठोडं. कामं तीनच: तापमान सांग, झडपा उघड, झडपा लाव. ह्या कामांना प्रोग्रामर लोक मेथड म्हणतात. ऑफिसची खोली एक नंबरच्या काचघराला चिकटून होती, म्हणून तिथलाच कॉम्प्युटर एक नंबरचाही होता आणि मुख्यही. जावयाने घरी महिनाभर जेवणाच्या टेबलावर सगळं चालवून पाहिलं होतं. तिथे एकच लॅपटॉप चारही घरांची सोंगं घ्यायचा, आणि एकदाही चुकला नाही.

सकाळी अकराला त्याने पहिलं बटण दाबलं. स्क्रीनवर आलं, 'एक नंबर: झडपा उघडल्या'. आणि खरोखरच काचघराच्या छतावरच्या झडपा कुरकुरत वर उठल्या.

"अगंबाई!" सासूबाई म्हणाल्या. त्यांचा हात आपोआप हँडलकडे गेला होता, तो त्यांनी मागे घेतला.

जावयाने दुसरं बटण दाबलं. स्क्रीन म्हणाली, 'दोन नंबर: झडपा उघडल्या'. दोन नंबरच्या झडपा मात्र ढिम्म. तीनचं तेच, चारचं तेच. स्क्रीन आपली प्रत्येक वेळी खुशाल 'उघडल्या' म्हणतेय.

"मोटर," जावई म्हणाला.

प्रोग्रामर माणसाला आधी तारेवर संशय येतो, मग मोटरवर, मग विजेवर. स्वतःवर येतो तो सगळ्यात शेवटी. त्याने शिडी आणली, दोन नंबरची मोटर उतरवली, तपासली, परत चढवली. मोटर ठणठणीत. तार ठणठणीत. दोन नंबरच्याच कॉम्प्युटरवर जाऊन हुकूम दिला तर झडपा मुकाट्याने उघडत होत्या. ऑफिसातून दिला की नाही. साडेबारा वाजले, शर्ट पाठीला चिकटला. सासूबाईंनी चार नंबरचं हँडल फिरवायला घेतलं. त्या चार शब्द बोलल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

शेवटी त्याने बायकोला ऑफिसात बसवलं आणि स्वतः तीन नंबरच्या दारात उभा राहून ओरडू लागला, "तीन लाव! आता तीन उघड! परत लाव!"

पाचव्या खेपेला सासूबाई एक नंबरमधून बाहेर आल्या. हातात पाण्याचा पाइप, पाणी स्वतःच्याच पायांवर.

"जावईबापू, माझ्या डोक्यावरच्या झडपा कोण नाचवतंय? उघडतात काय, लागतात काय!"

"पण आई, आम्ही तर तीनला सांगतोय."

"मग तीनला सांगा की! एकाला कशाला छळताय?"

जावई तसाच ऑफिसात धावला. सासूबाईही मागोमाग आल्या, चष्मा लावला आणि पहिल्यांदाच स्क्रीन नीट निरखून पाहिली. चार घरं, चारांच्या खाली चार आकडे: सव्वीस, सव्वीस, सव्वीस, सव्वीस. हेच आकडे सकाळी जावयाने कौतुकाने दाखवले होते, बघा कसं सगळीकडे एकसारखं.

"हे सव्वीस कुणाचं?"

"चारही घरांचं, आई. तापमान."

"काहीतरीच. तीनवर सावली नाही, तिथे एकपेक्षा तीन अंश तरी जास्त असतं. चार झाडाखाली आहे, तिथे कमी. एकोणीस वर्षं माझ्या पाठीने मोजलंय हे. हे चारही आकडे एक नंबरचे आहेत."

जावयाने कपाळावर हात मारून घेतला.

"मी गाढव आहे," तो म्हणाला.

"ते राहू दे, झालंय काय ते सांग," बायको म्हणाली.

"प्रत्येक गोष्टीला तिकडे विचारायला लागू नये, काम भराभर व्हावं, म्हणून मी तीनचं अख्खं गाठोडंच इकडे मागवायचं ठरवलं. पण इकडे येते ती त्याची नक्कल. त्या नकलेला 'झडपा उघड' म्हटलं की ती मेथड चालते इथे, ह्या कॉम्प्युटरवर. आणि ह्याला मोटर जोडलीय फक्त एक नंबरची."

"म्हणजे तीनमधल्या माणसाला इथे बोलावलंस आणि इथलंच दार उघडायला लावलंस," बायको म्हणाली.

"हो."

"आणि तो म्हणाला, उघडलं."

"खोटं कुठे बोलला? त्याने उघडलंच होतं."

सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. सकाळपासून कोंडलेलं हसू होतं ते. जावयालाही हसू आलं, आणि हसता हसताच तो कामाला लागला. गाठोडी आपापल्या घरीच राहतील, ऑफिसात फक्त प्रत्येकाचा एक निरोप्या. निरोप्याने हुकूम न्यायचा, काम तिथे व्हायचं, उत्तर घेऊन परत यायचं. त्यासाठी प्रोग्राममधली एक ओळ काढायची होती आणि चार कॉम्प्युटर पुन्हा सुरू करायचे होते.

अडीचला स्क्रीनवर आकडे आले: सव्वीस, सत्तावीस, एकोणतीस, चोवीस.

"आता बरोबर," सासूबाई म्हणाल्या, आणि अंगणात जाऊन उभ्या राहिल्या.

जावयाने चारही घरांना एकदमच हुकूम दिला. आधी एक, मग दोन, मग तीन आणि चार, चारही छतांवरच्या झडपा उठल्या आणि अंगणभर उन्हाचे तुकडे हलले. सासूबाईंनी त्याला तीनदा लावायला, तीनदा उघडायला लावलं. चौथ्यांदा स्वतः आत येऊन बटण दाबलं आणि दारापर्यंत पळत जाऊन पाहिलं. त्या पळाल्या हे लेकीने जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

"वीज गेली तर?" त्यांनी विचारलं.

"मी हँडल फिरवीन, आई."

"मग निघते," त्या म्हणाल्या, आणि खरंच निघाल्या.

दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी फोन वाजला. जावई तयारीतच होता. दर तासाचं चारही घरांचं तापमान, झडपा किती वाजता उघडल्या, कुठली रोपं कशी आहेत, सगळं कागदावर लिहून ठेवलं होतं. त्याने कागद हातात धरला आणि फोन उचलला.

सासूबाई बोलत सुटल्या. ताईला कमी ऐकू येतं पण ती कबूल करत नाही. दोघी सकाळी गुडघाभर पाण्यात गेल्या आणि लाट आल्यावर एकमेकींना धरून किंचाळल्या. रात्री दोनपर्यंत गप्पा चालल्या होत्या, लहानपणी कुणाला जास्त मार पडला ह्यावरून भांडणही झालं. मागून ताईची हाक आली. "बरं, ठेवते, ती वाट बघतेय," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

"काय म्हणाली?" बायकोने विचारलं. "रोपं कशी आहेत म्हणाली?"

"विचारलंच नाही."

"झडपांचं?"

"तेही नाही."

बायकोचे डोळे भरले आणि ती हसायला लागली. जावई हातातला कागद घेऊन तसाच उभा होता. त्याच्या कुठल्याच कामाला इतकी मोठी शाबासकी आजवर मिळाली नव्हती.