बाकावरचा खिळा

ब्रिटाने दोरी बरीचशी खेचली आणि ती थांबली. बाणाच्या टोकाला आज सकाळीच बसवलेलं शिकारीचं पातं हळूहळू मागे येत होतं. तीन धारांचं, दाढीच्या पात्यासारखं लखलखीत. धनुष्याच्या टेकूवरून ते मागे सरकलं, मुठीशी आलं. अजून चार बोटं खेचायची बाकी होती, आणि धार तिच्या डाव्या तर्जनीपासून जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी दूर होती.

श्वास रोखून तिने दोरी परत सोडत नेली. बाण काढून धनुष्यासकट कामाच्या बाकावर ठेवला. 

"आर्वो, हे बाण आखूड कापलेत तुम्ही."

सासरा करवतीवरची भुकटी झटकत होता. कापलेले अकरा बाण शिस्तीत ओळीने पडले होते, बारावा अजून करवतीखाली जायचा होता.

"आखूड? खिळ्याला लावून कापलेत."

खिळा म्हणजे बाकाच्या कडेला ठोकलेला, गंजून काळा पडलेला लांब खिळा. आर्वोच्या बापाने खाणीतली नोकरी सुटल्यावर ठोकलेला. या घरातला प्रत्येक बाण त्या खिळ्यापाशी मोजला गेला होता. आर्वोचा, त्याच्या भावांचा, ब्रिटाच्या नवऱ्याचा. सगळे आखूड हातांचे, रुंद खांद्यांचे. ब्रिटा नवऱ्यापेक्षा वीतभर उंच होती.

"उन्हाळाभर मी न कापलेल्या बाणांनी सराव केला. तेव्हा पातं कुठे होतं? पातं लावलं की टोक मुठीच्या पुढे राहायला हवं. आता खेचलं तर माझं बोट जाईल."

"मग बेताने खेच. गालापर्यंत कशाला आणतेस? हात म्हणजे नुसती वल्ही आहेत तुझी." तो स्वतःच्याच विनोदावर हसला. "बाण आखूड असला की हलका असतो, पोरी. हलका असला की सुसाट जातो. उद्या हरीण काही तुझी वाट बघत उभं राहणार नाही."

"धनुष्य माझ्या खेचीला जुळवलंय. ते मध्येच थांबत नाही."

"चाळीस वर्षं कापतोय मी. तू शिकवणार मला?"

 ब्रिटाला ओरडून सांगायचं होतं की याच बोटाने मी सहा महिन्यांच्या पोरीचा लंगोट बांधते, तिच्या तोंडात अडकलेला घास काढते. तिने बाण उचलला आणि बाकावर आपटला.

"यातला एकही मी वापरणार नाही."

"मग घरी बस!" त्याचाही आवाज चढला. "एल्मासुद्धा बसतेच की. एकाच मोसमात कळलं तिला, हे तिचं काम नव्हे."

दारात सासू, एल्मा, उभी होती. कडेवर ब्रिटाची टिल्डा, खांद्यावर फडकं, अंगाला भट्टीतल्या पास्तीचा, मांस भरलेल्या करंजीचा वास. कधीची उभी होती कोण जाणे. टिल्डाने आजीची डावी तर्जनी मुठीत धरली होती. ते बोट नेहमीसारखंच ताठ होतं. वाकतच नसे.

"घे हिला," एल्मा म्हणाली.

ब्रिटाने मुलीला घेतलं. एल्मा बाकाशी आली, पात्याचा बाण उचलून तिने धनुष्यावर टेकवला आणि धार जिथे येत होती तिथे स्वतःचं बोट धरलं. मधल्या पेरावर आडवा पांढरा वण होता. धार नेमकी त्याच्यावर बसली.

ब्रिटा बघत राहिली. या घरात आली त्याच वर्षी तिने त्या बोटाबद्दल विचारलं होतं. आर्वोने सांगितलं होतं, पाव कापताना सुरी लागली. एल्मा तेव्हा भांडी विसळत होती. काही बोलली नव्हती.

"मला आधी का नाही सांगितलंत?" ब्रिटाचा आवाज चिरका निघाला. रागाला आता दोन तोंडं फुटली होती.

 एल्माने भिंतीवरचा हातोडा काढला, त्याची खिळे उपसायची चिमटी खिळ्याखाली सरकवली आणि दोन्ही हातांनी जोर लावला.

"एल्मा. माझ्या बापाने ठोकलाय तो."

"माहीत आहे मला. माझा बाणही त्यांनीच कापला होता."

लाकूड करकरलं. खिळा बाकदार होऊन निघाला. तिने तो एप्रनच्या खिशात टाकला आणि हातोडा होता तिथे परत लटकवला.

आर्वो त्या भोकाकडे बघत राहिला. 

"मग मोजायचं कुठून?"

एल्माने टिल्डाला परत घेतलं आणि हनुवटीने ब्रिटाकडे खूण केली.

ब्रिटाने बारावा बाण उचलला. पातं नसलेला, न कापलेला. गालापर्यंत पूर्ण खेचून ती उभी राहिली. दात आवळलेले, नजर समोरच्या भिंतीवर. आर्वोकडे तिने पाहिलं नाही. आर्वो खडू घेऊन बाजूने आला. मुठीच्या किंचित पुढे त्याने खडू टेकवला.

"इथे?"

"पुढे," एल्मा म्हणाली.

तो सरकला.

"अजून."