काचेतला लाल माणूस

शेजारच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. आजोबा वारले त्या खोलीत, कपाटाजवळचा कोपरा कितीतरी दिवस बर्फासारखा गार लागत होता. म्हणून आजींनी तापमानमहाराजांना बोलावलं होतं, आणि अख्खी इमारत, माझ्यासकट, चमत्कार बघायला लोटली होती.

महाराज जुन्या वळणाचे नव्हते. त्यांच्याकडे उष्णता दाखवणारा कॅमेरा होता. "दिवे घालवा. आत्म्याला उजेड सोसत नाही," म्हणत त्यांनी तो कपाटाच्या काचेच्या दाराकडे रोखला. पडद्यावर कोपरा निळाशार दिसला, आणि काचेत एक लालभडक माणूस. आजींना हुंदका फुटला.

"कंपनं फार तीव्र आहेत," महाराज म्हणाले. "आजोबा सुनेवर नाराज आहेत. ती या घरात असेपर्यंत त्यांची सुटका नाही."

सासू-सुनेतली धुसफूस कॅमेऱ्यात दिसते, ही माहिती मला नवीन होती. आजींचा मुलगा मान खाली घालून उभा राहिला. आजी सुनेला म्हणाल्या, "तू थोडे दिवस माहेरी जा."

सून गुरांची डॉक्टर. गाईच्या पायाला सूज नेमकी कुठे आहे, हे ती असल्याच कॅमेऱ्याने शोधते. ती म्हणाली, "जाते आई. पण आधी तो कॅमेरा तुम्ही हातात घ्या आणि स्वतः बघा."

महाराज काचकूच करू लागले, पण आजींनी हात पुढे केला होता. लोकांसमोर नाही कसं म्हणणार?

आजी काचेसमोर उभ्या राहिल्या. लाल माणूस एकदम बुटका झाला, जरासा वाकलाही. त्यांनी हात हलवला. त्यानेही हलवला.

"ही तर मीच," आजी हळूच म्हणाल्या.

सुनेने दिवा लावला. "आपल्या अंगातून उष्णता बाहेर पडते. काच ती थोडीफार आरशासारखी परत पाठवते, आणि कॅमेऱ्याला ती अंधारातही दिसते. जो समोर उभा, तोच काचेत. मघाशी महाराज होते. आणि कोपऱ्यात ओल आली आहे. ओल वाळताना भिंत गार पडते."

मुलाने भिंतीला हात लावला. बोटं दमट झाली. तोवर महाराज, कॅमेरा काखोटीला मारून, अर्धा जिना उतरले होते.

"मला ह्यांना एकदा बघायचं होतं गं," आजी म्हणाल्या. "म्हणून तुला जा म्हणून बसले."

सून त्यांच्याजवळ टेकली. "मलाही बघायचं होतं, आई."

कॅमेऱ्याने दाखवलं ते खरंच होतं. थाप महाराजांची होती. उद्या कुणी यंत्र घेऊन तुमच्या दुःखाचा अर्थ सांगायला आलं, तर आधी खोलीतला दिवा लावा आणि यंत्र आपल्या हातात मागा. देत नसेल, तर त्याला दार दाखवा.