धारकास एक कप चहा

कॅन्टीन चालवणाऱ्या कुपनवाल्यांची खुर्ची गेली, पितळी किटली अडगळीत गेली आणि देशाच्या मध्यवर्ती बँकेत चहाची महागाई एकदाची आटोक्यात आली. पण असं काही घडलंच नाही, असं बँकेचं अधिकृत म्हणणं आहे. मोठ्या माणसांशी वाद कशाला? आपणही ते मान्य करू आणि मंगळवारी सकाळी कॅन्टीनच्या खिडकीशी काहीच घडत नव्हतं, तिथून सुरुवात करू.

"वचन दिलंयत ना? मग काढा चहा!" समोरच्या सलूनचा मालक म्हणाला आणि त्याने खिडकीत पिशवी उपडी केली. जांभळ्या कुपनांचा ढीग पडला.

"एवढे कप एकटे पिणार?" कुपनवाल्यांनी विचारलं.

"दुकान विकलं. मुलीच्या गावी चाललो. तिकडे तुमचा हा जांभळा कागद कोण हुंगणार?"

कुपनवाल्यांनी एकदा ढिगाकडे पाहिलं, एकदा किटलीकडे.

तसा त्यांचा हेतू स्वच्छ होता. नोटा काढणाऱ्या बँकेच्या कॅन्टीनमध्ये सुट्ट्या पैशांची कायम बोंब. म्हणून ते सुट्ट्यांऐवजी स्वतः छापलेलं कुपन देत. त्यावर मजकूर, 'धारकास एक कप चहा देण्याचे वचन देतो', आणि खाली झोकदार सही. ती लोकांना नोटांवरच्या सहीपेक्षा भरवशाची वाटे, कारण हा सही करणारा रोज खिडकीत दिसायचा. आधी शिपाई कुपनांवर पैजा लावू लागले. मग सलूनवाल्याने कुपनांवर दाढ्या केल्या आणि त्याच कुपनांनी भाजी घेतली. चहासाठी कुपन मोडणं लोकांच्या जिवावर येऊ लागलं. कुपनं परत येईनात, म्हणून कुपनवाले नवी छापत. कुणाचा निरोप समारंभ असला की एक गड्डी भेट म्हणून देत. त्यात त्यांचं काय जात होतं? किटली मात्र होती तेवढीच राहिली.

सलूनवाला कुपनं मोडतोय म्हटल्यावर दुपारपर्यंत रस्त्यापर्यंत रांग लागली. भाजीवाली आली, चपला शिवणारा आला. कुणालाच चहाची तल्लफ नव्हती. उद्या मिळणार नाही, एवढीच धास्ती होती.

कुपनवाल्यांनी किटलीत पाणी ओतलं. मग आणखी ओतलं. थोड्या वेळाने महागाई विभागाच्या मॅडम हातात कप घेऊन जिना उतरल्या.

"काका, यातून कपाचा तळ दिसतोय."

"कप स्वच्छ आहे, मॅडम."

"काका!"

"दूध संपलं," कुपनवाले म्हणाले आणि सगळं सांगून मोकळे झाले.

मॅडम स्टुलावर टेकल्या. "आम्ही वर अहवाल लिहून थकलो. तुम्ही खाली करूनच दाखवलंत! अहो, किटली तेवढीच आणि कागद वाढला, तर चहा पातळ होणार नाहीतर महागणार. आता कपाला तीन कुपनं करा. नाहीतर वचन पाळून सगळी परत घ्या आणि जाळा. पण त्याला दूध लागेल, आणि दुधाला खरे पैसे."

"तीन कशी? मी एक लिहिलंय."

"सगळे तसंच लिहितात, काका."

"पण सही माझी आहे ना."

संध्याकाळी घरी बायको जुन्या शिलाई मशीनशी झटत होती. दर चार टाक्यांनी दोरा तुटायचा. नव्या मशीनचे पैसे कपाटातल्या डब्यात साठले होते. कुपनवाल्यांनी चाचरत डब्याचा विषय काढला.

"म्हणजे माझं मशीन अख्ख्या गावाला पाजणार?"

"व्याजासकट फेडीन."

"कशात? कुपनांत?"

कुपनवाले मान खाली घालून हसले. तीही हसली, मग सुई बाजूला ठेवून उठली. डबा त्यांच्या हातात देत म्हणाली, "घ्या. पण दूध नीट घाला. तुमच्या सहीवर पांचट चहा गेलेला मला चालायचा नाही."

दुसऱ्या दिवसापासून चहा असा दाट झाला, की चमचा उभा राहावा. परत आलेलं प्रत्येक कुपन शेगडीत जाऊ लागलं. चहा हमखास मिळतोय म्हटल्यावर रांग विरली. "राहू दे हो, पुढच्या वेळी घेऊ," म्हणत लोक कुपनं पुन्हा खिशात घालू लागले. कुपनवाले मात्र धावत जाऊन त्यांना दंडाला धरून आणत आणि चहा पाजत. सलूनवाला तर बाकावर आडवा होऊन हात जोडू लागला.

"बास हो! उरलेले तुम्हाला माफ."

"माफी नको. उठा, निवतोय."

पुढच्या महिन्यात कॅन्टीनमध्ये पावतीचं यंत्र बसलं आणि कुपनवाल्यांना जरा लवकरच निवृत्त करण्यात आलं. घरी मशीनचा दोरा अजून तुटतोच. ते शेजारी बसून सुईत ओवून देतात. तिच्या मते, इतक्या वर्षांत त्यांनी केलेलं हे पहिलं उपयोगी काम. दोघांचं बरं चाललंय. रात्री झोपही छान लागली असती, पण हिशेबात एक कुपन कमी भरलं. म्हणून त्यांनी अर्ज केला:

'माननीय गव्हर्नर महोदय यांस. विषय: थकीत चहा, कप एक. आपल्या बँकेत कुपने कधीही छापली गेली नाहीत, हे अर्जदारास मान्य आहे. तथापि, न छापलेल्या कुपनांपैकी एक अद्याप परत आलेले नाही. धारक कोणत्याही दिवशी येऊ शकतो. तरी तो येईपर्यंत अर्जदारास कॅन्टीनच्या दाराशी स्वतःची शेगडी, स्वतःचे दूध व एक कप घेऊन रोज बसण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.'